ताजी अंडी

ताट देणार नाही असं हॉबर्टने फोनवर सांगून टाकलं, तेव्हा अंडी कोण करणार हा विचार त्याच्या डोक्यातही आला नव्हता.

"बरं," मोझेल पलीकडून म्हणाली. "म्हणजे ईस्टरचं जेवण तुझ्याकडेच. मग भरली अंडी कोण करणार?"

"मी."

 मोझेल म्हणजे त्याची मेहुणी, त्याच्या बायकोची, ओलेटाची, थोरली बहीण. ती गप्प झाली की माणसाने सावध व्हावं, हे तो लग्न झाल्यापासून शिकला होता.

"तू," ती शेवटी म्हणाली. "अंडी."

"कोंबड्या माझ्याच आहेत."

"कोंबड्या तुझ्या आहेत हे सगळ्या काउंटीला ठाऊक आहे, हॉबर्ट. कोंबड्या पाळणं वेगळं आणि अंडं सोलणं वेगळं. पण ठीक आहे, कर. रविवारी चर्च सुटलं की मी येते. अंडी दिसायला खायला नीट झाली तर ताट तुझ्याकडे, ईस्टर तुझ्याकडे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली तर ताट माझ्या घरी येईल, आणि पुढच्या वर्षीपासून जेवणही माझ्या घरी. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याचा हात तिथेच राहिला.

ते ताट जाड काचेचं होतं. कडेने गोल खळगे, एकेका खळग्यात अर्धं अंडं बसावं असे. ओलेटाच्या आईचं. ज्या घरी ते ताट त्या घरी ईस्टरचं जेवण, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. चर्चमधल्या बाकीच्या बायका या अंड्यांना सैतानी अंडी म्हणत, मोहरीच्या झणझणीतपणामुळे. ओलेटाच्या आईला ते चालायचं नाही. प्रभू उठला त्या दिवशी माझ्या टेबलावर त्या दुसऱ्याचं नाव नको, असं ती म्हणायची. म्हणून या घरात ती नुसती भरली अंडी.

ओलेटा नोव्हेंबरात गेली. दफनानंतरच्या जेवणाला चर्चच्या बायकांनी अंड्यांची ताटंच्या ताटं आणली होती. त्यातलं एकही हॉबर्टने तोंडात घातलं नाही. नाताळ मुलाकडे, रॉइसकडे झाला. आता ईस्टरही या घरातून गेला, तर मुलांना इथे यायला कारण काय उरणार, हे त्याला कळत नव्हतं. बापाला भेटायला येतील, खुर्चीच्या कडेवर बसतील, घड्याळाकडे बघतील. जेवायला येणं वेगळं असतं.

शनिवारी सकाळी तो परडी घेऊन खुराड्यात गेला. दर ईस्टरच्या आदल्या दिवशी तो हेच करायचा. तांबड्या कोंबड्यांच्या पोटाखालून ऊब असलेली तपकिरी अंडी काढायची, परडीत गवत घालून त्यावर मांडायची आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून ओलेटापुढे ठेवायची. "घे. आत्ताची आहेत." ती एक अंडं उचलून गालाला लावायची आणि म्हणायची, "अजून गरम आहे रे." मग त्याला बाहेर हाकलायची. सारण झालं की हाक मारायची, आणि ओट्याशी उभं राहून तो एक-दोन अंडी खायचा. ती फाटलेली असायची. "ही ताटात शोभायची नाहीत, ही तुझी," ती म्हणायची. वर्षभर त्याने काही मागितलं नसतं, पण ती अंडी त्याने कुणाला दिली नसती.

सारणात काय पडतं ते त्याला येता-जाता बघून माहीत होतं. बलक काट्याने कुस्करायचा, मेयोनीज, मोहरी, गोड काकडीचं लोणचं बारीक चिरून, त्या बरणीतलं चमचाभर पाणी, वरून लाल पूड. यात अवघड काही नव्हतं.

त्याने पातेलं भरून अंडी उकडली, थंड पाण्यात टाकली आणि पहिलं सोलायला घेतलं.

टरफल निघालं, पण पांढरं घेऊन निघालं. नखाएवढा तुकडा ओढला की खाली खड्डा. दुसरं जरा हलक्या हाताने घेतलं. त्याचा अर्धा भागच टरफलाबरोबर गेला आणि आतला बलक बाहेर डोकवायला लागला. तिसरं, चौथं, सगळी तशीच. कोंबड्यांनी चोच मारून टाकल्यासारखी.

मुलगी कार्लीन नॅशव्हिलहून हॅम घेऊन पोचली, तेव्हा बाप ओट्याशी पाठमोरा उभा होता आणि वाडगा खड्डे पडलेल्या अंड्यांनी भरला होता.

"डॅडी, हे काय?"

"अंडी."

"ते दिसतंय. यांना झालं काय?"

"तेच बघतोय."

कार्लीनने हॅम ठेवला, बाह्या वर केल्या. तिचं म्हणणं, पाण्यात मीठ हवं. मीठ घातलं. मग सोडा घातला. मग बर्फाचं पाणी केलं. एकदा टाचणीने भोक पाडून बघितलं. परडी रिकामी झाली तसा हॉबर्ट खुराड्यात जाऊन होती नव्हती ती घेऊन आला. अंडी जितकी ताजी तितकी चांगली, आणि त्याहून ताजी फक्त कोंबडीच्या पोटात होती.

"आई कशी सोलायची?" कार्लीनने विचारलं.

"मला बाहेर घालवायची."

"मलाही. म्हणायची, माझ्या पायांत घोटाळू नकोस." ती एक अंडं उजेडात धरून बघत राहिली. "मला आठवतंय, ताटातलं प्रत्येक अंडं काचेसारखं गुळगुळीत असायचं. एकसुद्धा खड्डा नाही."

हॉबर्टलाही तेच आठवत होतं. आणि आता पैजेपेक्षा हेच त्याला जास्त टोचायला लागलं होतं. कोंबड्या त्याच, पातेलं तेच, विहिरीचं पाणी तेच. कचऱ्याच्या डब्यात दरवर्षी तपकिरी टरफलंच त्याने पाहिली होती. म्हणजे दुकानातली पांढरी अंडी आणून तिने फसवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. मग ती करायची तरी काय?

दुपारी रॉइस आणि त्याची बायको डेनीस आले. मुलं अंगणात पळाली. रॉइसने वाडग्यात डोकावलं आणि तो हसायला लागला.

"डॅडी, यांना गोळ्या घातल्या काय?"

"तू गाडीतलं सामान काढ," डेनीस त्याला म्हणाली. तो गेल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मोझेलशी लागलेली पैज एव्हाना सगळ्या घराला ठाऊक होती. कार्लीन आणि डेनीस यांचं नाताळापासून बोलणं जेमतेम होतं. कुणाच्या टर्कीवरून काय झालं ते अजून निस्तरलं नव्हतं. पण आता डेनीस थेट तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"कार्लीन, तुला मोझेल मावशीच्या घरी ईस्टर हवाय?"

"नकोय."

"सोफ्यावर प्लास्टिक आहे तिच्या. मागच्या वेळी माझी मुलं उठली तेव्हा मांड्या चिकटल्या होत्या. आणि ती दारात बूट काढायला लावते, मग सगळ्यांसमोर मोजे बघते."

"रॉइसचे मोजे मी बघितलेत," कार्लीन म्हणाली. "तिचं चुकत नाही."

दोघी हसल्या, आणि मग नाताळापासून झालं नव्हतं एवढं एका दमात बोलायला लागल्या. गावातल्या दुकानात तयार अंडी मिळतात, डबेच्या डबे. आणून ताटात मांडायची, वर लाल पूड. कोणाला कळणार? डेनीस गाडीच्या किल्ल्या शोधायलाही लागली.

"नाही," हॉबर्ट म्हणाला.

"डॅडी, तुमच्यासाठीच करतोय आम्ही."

"माहितेय. पण ती दुकानातली आणली तर मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"ती कशी सोलायची ते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कार्लीन हळू आवाजात म्हणाली, "हे सांगू शकणारं माणूस एकच आहे, आणि तिला विचारलंत म्हणजे तुम्ही हरलात."

हॉबर्टने टोपी घेतली. फाटलेल्या अंड्यांतली दोन कागदात गुंडाळली, खिशात घातली आणि पिकअप काढली.

मोझेलचं घर चर्चच्या मागच्या रस्त्याला होतं. तिने दार उघडलं आणि पहिल्यांदा त्याच्या बुटांकडे पाहिलं. त्याने ते काढले. स्वयंपाकघरात टेबलावर त्याने कागद उलगडला.

ती अंडी बघून मोझेल हसली नाही. तिने चष्मा लावला, एक अंडं हातात घेऊन फिरवलं, वास घेतला.

"आजची ना?"

"आज सकाळची. काही तर दुपारची."

"अगदी गरम होती?"

"गरम."

"अरे देवा," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "तिने तुला कधीच सांगितलं नाही."

"काय नाही सांगितलं?"

"बस, हॉबर्ट."

तो बसला. प्लास्टिक नव्हतं, लाकडी खुर्ची होती.

"ताजं अंडं टरफल सोडत नाही," मोझेल म्हणाली. "काही केलं तरी. मीठ घाल, बर्फ घाल, प्रार्थना म्हण. आतला पापुद्रा चिकटून बसलेला असतो. त्याला वेळ द्यावा लागतो. महिनाभर थंडीत पडलं की मग ते आपणहून सुटतं. ही गोष्ट इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. बाप्यांना नाही, कारण बाप्ये फक्त खातात."

"मग ओलेटा..."

"तुमच्या लग्नानंतरचा पहिला ईस्टर. तू अशीच परडी भरून आणलीस. तिने सोलली आणि ही अशी झाली. ती माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, वेडे, त्याला सांग की जुनी लागतात. तर म्हणाली, कसं सांगू, तो परडी घेऊन दारात उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा बघ, जसं काही अंडी त्यानेच घातलीत."

 हॉबर्टच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग दरवर्षी मार्च लागला की ती तुझ्याच कोंबड्यांची अंडी गोळा करून इथे आणायची. माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. तुझ्या घरी ठेवली असती तर तू विचारलं असतंस, ही कसली शिळी अंडी जमवलीस. आदल्या रात्री मी अंड्यांची खोकी आडवी करून ठेवायचे, म्हणजे बलक मधोमध येतो. शनिवारी दुपारी ती न्यायला यायची. तू समजायचास, ती चर्चमध्ये फुलं लावायला गेलीय."

"फुलं लावायला," हॉबर्ट म्हणाला.

"एक फूल लावलं नाही तिने आयुष्यात. तिला शिंका यायच्या."

हे मात्र खरं होतं. हे त्याला माहीत होतं, आणि तरी इतक्या वर्षांत त्याने दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. त्याने टेबलावरच्या खड्डे पडलेल्या अंड्याकडे पाहिलं.

"मग माझ्या परडीतली? ती कुठे जायची?"

"केकमध्ये, पुडिंगमध्ये. पण त्यातली दोन-चार ती पातेल्यात टाकायचीच. मी म्हणायचे, कशाला, फाटणारच आहेत. तर म्हणायची, तो विचारेल तेव्हा मला खोटं बोलायला नको. तुझीच उकडलीत असं सांगता यायला हवं."

हॉबर्ट उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर डॉगवूडचं झाड फुललं होतं. ओट्याशी उभं राहून खाल्लेली ती फाटकी अंडी. ही तुझी. तो समजायचा, तिच्या हातून चुकून फाटली.

मोझेलने त्याला उभं राहू दिलं. मग पाठीमागे फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"मार्चमध्ये मी तुझ्याकडून दोन खोकी नेली," ती म्हणाली. "तू काय म्हणालास आठवतं?"

"एकट्या बाईला एवढी अंडी कशाला."

"तेच. ओलेटा गेली तरी माझे पाय त्या आठवड्यात आपोआप तुझ्या खुराड्याकडे वळले. मग मनात आलं, या वर्षी मीच करीन." तिने खोकी टेबलावर ठेवली. तपकिरी अंडी, त्याच्याच तांबड्या कोंबड्यांची. "ने."

हॉबर्टने खोक्यांना हात लावला नाही.

"मी पैज हरलोय, मोझेल. विचारायला आलो म्हणजे हरलोच. ताट गाडीत नाही आणलेलं, पण उद्या देतो."

"मी काय म्हटलं होतं? अंडी नीट झाली तर. विचारायचं नाही असं म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग ने. आणि उकळत्या पाण्यात सोड, थंडात नको. कार्लीनला सोलू देऊ नकोस, तिची नखं लांब आहेत." ती चष्मा पुसत राहिली. "हॉबर्ट, एक विचारू? आईने ते ताट मला का नाही दिलं? थोरली मी. इतकी वर्षं डोक्यात आहे माझ्या. ओलेटाने तुला कधी काही सांगितलं?"

तो विचार करत उभा राहिला. थाप मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"तिचं लग्न आधी झालं म्हणून दिलं, असं म्हणायची. मग तुझं झालं तेव्हा परत मागायचं कसं, म्हणून तुमच्या आईने विषय काढला नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी समजत होते मी काहीतरी केलं असेल," मोझेल म्हणाली. तिने दोन्ही खोकी उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याचे बूट दाराशी सरळ करून ठेवले.

घरी आल्यावर तो थेट ओट्याशी गेला. पाणी उकळलं, अंडी सोडली, काढली. पहिलं अंडं ओट्यावर आपटलं, अंगठा फिरवला. टरफल अख्खं सुटून हातात आलं. खालचं पांढरं काचेसारखं. कार्लीन आणि डेनीस दारात येऊन उभ्या राहिल्या.

"डॅडी," कार्लीन म्हणाली, "तिने काय सांगितलं?"

"शिळी लागतात."

डेनीस कार्लीनकडे वळली. "तुला माहीत नव्हतं?"

"मी नॅशव्हिलला राहते. आमची अंडी दुकानातच शिळी झालेली असतात. तुला?"

"मी भरली अंडी कधी केलीत? करू दिलीत का मला कुणी?"

"उद्या भर तू," हॉबर्ट म्हणाला. "कार्लीन लोणचं चिरेल."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे टेबलाशी बसले. मधोमध ताट, प्रत्येक खळग्यात अंडं, लाल पूड डेनीसने जरा जास्तच शिंपडली होती. रॉइसने प्रार्थना म्हटली आणि आमेनच्या आधीच त्याचा हात ताटाकडे निघाला. मोझेलने एक अंडं उचललं, वळवून पाहिलं, उजेडात धरलं, मग खाल्लं. सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते.

"लोणच्याचं पाणी घातलंत," ती म्हणाली.

"घातलं," कार्लीन म्हणाली.

"पूड कोणाची?"

"माझी," डेनीस म्हणाली.

"हात सढळ आहे तुझा. पुढच्या वर्षी बोटांनी घाल, डबी उलटी करू नकोस."

पुढच्या वर्षी कुठे, ते ती बोलली नाही. डेनीसने टेबलाखालून कार्लीनच्या पायाला पाय लावला.

जेवणं झाली. मुलं अंगणात लपवलेली रंगीत अंडी शोधायला बाहेर पळाली. मोझेलने ताट कुणाला धुवू दिलं नाही. स्वतः धुतलं, प्रत्येक खळगा फडक्याने कोरडा केला. मग ते घेऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि हॉबर्ट दारातून बघत होता. तिच्या पिशवीत ते सहज मावलं असतं. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, ओलेटा ठेवायची तिथेच, भिंतीला टेकून.

उतरताना तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला. मग तिला ओट्यावरची झाकलेली ताटली दिसली.

"हे काय आहे?"

त्याने झाकण काढलं. आज सकाळची तीन अंडी. खड्ड्याखड्ड्यांची, कडा फाटलेल्या, पण सारण भरलेलं.

"ही माझी," तो म्हणाला. "ताटात शोभायची नाहीत." मग ताटली तिच्याकडे सरकवली. "एक घे."

दोघांनी ओट्याशी उभं राहून खाल्लं. मोझेल बराच वेळ चावत राहिली.

"चव तीच आहे," ती म्हणाली.

"नाही. जास्त चांगली आहे."

मोझेलने वाद घातला नाही, आणि ती वाद घालत नाही असं क्वचित व्हायचं. तिने रिकामी खोकी त्याच्याकडे सरकवली.

"ही मार्चमध्ये तू भरून आणायची. मी न्यायला येणार नाही, माझे गुडघे दुखतात. खालचा कप्पा रिकामा ठेवते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी न्यायला ये, आणि मुलींनी विचारलं तर सांग, चर्चमध्ये फुलं लावायला चाललोय."

"बरं."

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"आणि त्या दिवशी परडीत ताजीही काढत जा, हॉबर्ट. थोडी. फाटायला काही हवीत."